कोऱ्या पत्राचे उत्तर

पुणतांबा हे नाव वर्तमानपत्रांच्या वाचकांना 1 जून 2017 रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे परिचित झाले. रेल्वेने शिर्डीस जाणाऱ्या भाविकांना ते दौंड-मनमाड मार्गावरील जंक्शन म्हणून ठाऊक असते. राहाता तालुक्यातील या गोदाकाठच्या गावाची जुनी ओळख मात्र निराळी आहे. योगिराज चांगदेवांची समाधी येथे आहे. योगसामर्थ्याने ज्यांनी चौदाशे वर्षे आयुष्य वाढवले, असे परंपरा सांगते, ते हे चांगदेव.

चौदाशे या आकड्याचा हिशेब मागण्याचे कारण नाही. परंपरेला सांगायचे आहे ते इतकेच की, वार्धक्य म्हणून जे काही असते त्याची परिसीमा या पुरुषाने गाठली होती. अशा वृद्धाला आळंदीच्या ज्ञानदेवांची कीर्ती कळली आणि त्यांना पत्र लिहावेसे वाटले. कागद पुढे घेतला, लेखणी हाती घेतली, आणि पहिल्याच शब्दाशी अडचण उभी राहिली. मायना काय लिहावा? वयाने पाहावे तर ज्ञानदेव नातवाच्याही नातवाइतके लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहिले पाहिजे. ज्ञानाने पाहावे तर ते थोर, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहिले पाहिजे. एक लिहिले तर दुसरे खोटे ठरते. अखेर चांगदेवांनी कागद तसाच, कोरा, पाठवून दिला.

ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते ती चांगदेवांच्या अहंकाराची कथा म्हणून. वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन निघालेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली भिंत, हे चित्र बालमनावर असे ठसते की कोऱ्या कागदाकडे फारसे लक्षच जात नाही. मला मात्र ही मायन्याची अडचण अधिक महत्त्वाची वाटते, कारण हे सदर ज्या घरांत वाचले जाते त्यांतील पुष्कळ घरांत ती रोज येते. ज्या वडिलांना आयुष्यभर ‘तीर्थरूप’ लिहिले, त्यांना आता स्नान घालावे लागते, घास भरवावा लागतो, रात्री उठून कूस पालटून द्यावी लागते. नात्याने ते थोर आणि गरजेने लहान. त्यांच्याशी बोलावे ते कोणत्या सुरात? शुश्रूषा करणाऱ्याला शब्द सापडत नाही, मग तो केवळ कामापुरते बोलतो. गोळी घेतली का, पाणी हवे का, दिवा मालवू का. दिवस संपतो आणि पत्र कोरे राहते.

‘वडिलांचे मन कशातच रमत नाही, त्यांना कशात रमवावे?’ हा प्रश्न शुश्रूषा करणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येतो. प्रश्न कळकळीचा असतो. तरी ‘रमवणे’ या क्रियापदापाशी थोडे थांबले पाहिजे. मूल रडत असले की आपण त्याला खुळखुळ्याने रमवतो, म्हणजे मूळ गोष्टीवरून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवतो. वृद्ध माणसाच्या बाबतीत कलेकडे आपण पुष्कळदा याच हेतूने जातो. भजनाची ध्वनिफीत लावून ठेवली, रंगीत खडू हाती दिले, दूरचित्रवाणी दिवसभर चालू ठेवली, की कर्तव्य झाले असे वाटते. शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या बाईंच्या हाती फुलपाखराचे चित्र रंगवायला देऊन, ते रंगवून झाल्यावर टाळ्या वाजवणे हा ‘चिरंजीव’ मायना झाला. याच्या उलट टोकाचाही एक प्रकार आहे. वाढदिवशी शाल-श्रीफळ द्यायचे, पाया पडायचे, छायाचित्र काढायचे, आणि त्या आजोबांनी एखादा अभंग म्हणायला सुरुवात केली की दुसऱ्या कडव्याला जेवणाची पाने मांडायला उठायचे. हा ‘तीर्थरूप’ मायना. दोन्हींत समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकलेले नसते.

आळंदीला ते कोरे पत्र पोहोचले तेव्हा, चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, अशा अर्थाचे उद्गार मुक्ताबाईंनी काढले, असे कथा सांगते. मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तर लिहिले. तेच ‘चांगदेव पासष्टी’. पासष्ट ओव्यांचे हे पत्र मराठी तत्त्वचिंतनाचा एक मुकुटमणी आहे, आणि त्यात मायन्याची अडचण ज्ञानदेवांनी कशी सोडवली आहे हे पाहण्यासारखे आहे. लहान-थोर हा वादच त्यांनी बाजूला ठेवला. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोन्याचे सोनेपण उणे होत नाही. पाणी लाटांचे वस्त्र पांघरते, पण ते वस्त्र न उतरवताही पाणी उघडेच असते. मिठाचा खडा पाण्याचा ठाव घ्यायला गेला तर ठाव सांगायला तो उरतच नाही. पाहणारा आणि पाहिले जाणारे हे दोन नाहीत, आणि म्हणून तुझी माझी भेट हीही दोघांची भेट नाही, अशी ही विचारसरणी आहे. तिचा अद्वैतपर अर्थ विद्वानांनी पुष्कळ उलगडला आहे. येथे मला त्यातील एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. हे उत्तर ओवीत आहे. नुसता सिद्धान्त कळवायचा असता तर चार गद्य वाक्ये पुरेशी होती. ज्ञानदेवांनी दागिना, लाट, मीठ या प्रतिमा योजल्या आणि त्यांना लयीत बसवले. त्यामुळे त्या कागदावर चांगदेव आणि ज्ञानदेव या दोघांपैकी कोणाचीच मालकी राहिली नाही. सातशे वर्षांनी ते उत्तर आपणही आपल्याला आलेले समजून वाचू शकतो.

भारतीय काव्यशास्त्रात याला साधारणीकरण म्हणतात. भट्टनायकाने ही कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने तिचा विस्तार केला. माझे दुःख हे केवळ माझे असते तोवर ते मला जाळते. ते गाण्यात, नाटकात, कथेत आले की माझे-तुझे हा भेद क्षणभर गळतो, आणि त्याच दुःखाचा आस्वाद घेता येतो. तोच रस. भरताच्या नाट्यशास्त्रातही नाट्य कोणासाठी, याचे उत्तर आरंभीच दिलेले आहे. जे दुःखाने पीडले आहेत, जे श्रमाने थकले आहेत, जे शोकाने खचले आहेत, त्यांना विसावा मिळावा म्हणून. आजारपणात दिवस काढणाऱ्या आणि त्यांची सेवा करणाऱ्या माणसांचा उल्लेख जणू तेथे झालेलाच आहे.

आपल्याकडे गेल्या शतकात कलेविषयी मोठा वाद झाला. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे ना. सी. फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकर यांच्या बाजूने त्या काळी तरुण मंडळी हिरिरीने भांडत. आज ऐंशीच्या घरात असलेल्या पुष्कळ वाचकांनी त्या वादाचे पडसाद महाविद्यालयात ऐकले असतील. मला तो वाद रुग्णशय्येजवळ बसून पाहिला तर अर्ध्यावर सुटलेला दिसतो. ज्याचे उपयोगी पडण्याचे दिवस संपले असे जग मानते, त्या माणसाला ‘जीवनासाठी’ म्हणजे नेमके कशासाठी, असे विचारावेसे वाटेल. आणि ज्याला घशाखाली पाणी उतरवायला कष्ट पडतात, त्याला ‘कलेसाठी कला’ ही श्रीमंती चैन वाटेल.

या वादापेक्षा एका म्हाताऱ्याचे पुस्तक येथे अधिक उपयोगी पडते. टॉलस्टॉय सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी कलेवर जे पुस्तक लिहिले, ते साने गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणले. टॉलस्टॉय यांचे म्हणणे थोडक्यात असे की, स्वतः अनुभवलेली भावना बाह्य खुणांच्या साहाय्याने दुसऱ्यात संक्रमित करणे म्हणजे कला. एकाकडून दुसऱ्याकडे भावना पोहोचली तर कला घडली, न पोहोचली तर कितीही कौशल्य असले तरी घडली नाही. त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. एकदा ते खिन्न मनाने घरी परतत होते. त्यांच्या विवाहित कन्येच्या आगमनानिमित्त शेतकरी स्त्रिया विळे वाजवत, आरोळ्या देत गात होत्या. ते ऐकून त्यांचे मन नकळत प्रसन्न झाले. त्याच दिवशी सायंकाळी घरी बीथोव्हेनची एक प्रख्यात रचना वाजवली गेली, आणि तिने मात्र काही घडले नाही. बीथोव्हेनवर हा अन्याय आहे, असे मला वाटते. टॉलस्टॉय यांनी या पुस्तकात स्वतःच्या थोर कादंबऱ्याही जवळजवळ मोडीत काढल्या आहेत, तेव्हा त्यांचा निवाडा जसाच्या तसा घ्यायला नको. पण विळे वाजवत गाणाऱ्या त्या स्त्रियांविषयी ते बरोबर बोलत आहेत, आणि मराठी वाचकाला ते पटायला जात्यापलीकडे जावे लागत नाही.

ओवी हा शब्द आपण ज्ञानदेवांमुळे जाणतो, पण तो त्यांच्याहून जुना आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे चांगदेवांना जे उत्तर गेले त्याचा घाट आधी उखळाशी आणि जात्याशी घडला होता. पहाटेच्या अंधारात जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात, मुठीमुठीने आत जाणारे धान्य, आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर निघणारी ओळ. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना लयीला मध्यवर्ती स्थान दिले आणि संवाद, विरोध, समतोल अशी तिची तत्त्वे सांगितली. ती समजून घेण्यासाठी अवघड ग्रंथ वाचला तर उत्तमच. पण दोन ओळींची ओवी म्हणणाऱ्या आजींचा हात पाहिला तरी पहिली ओळ खुंटा पुढे नेते आणि दुसरी तो परत आणते, हे दिसते.

त्या ओव्यांत काय नाही? माहेरची वाट, भावाची चोळी, सासूचा बोल, लेकीच्या पाठवणीचे दुःख, पंढरीचा विठ्ठल. जे कोणाला सांगता येत नव्हते ते जात्याला सांगितले जाई, आणि शेजारी खुंटा धरणारी ते ऐके. त्या ऐकणारीनेही तेच सोसलेले असे. साने गुरुजींनी अशा ओव्यांचा मोठा संग्रह ‘स्त्रीजीवन’मध्ये केला. पुढे पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. इतके काव्य करणाऱ्या स्त्रियांपैकी कोणीही स्वतःला कवयित्री म्हणवून घेतले नसेल.

मग गावात विजेची गिरणी आली. जाते अंगणात पालथे पडले किंवा लग्नातील हळदीपुरते उरले. कष्ट गेले हे उत्तमच झाले. जात्याची आठवण काढून गहिवरणारी मंडळी बहुधा ते ओढलेली नसतात. पण कष्टाबरोबर ओवीचे निमित्तही गेले. आज नगर जिल्ह्यातील खेड्यांत पंच्याऐंशीच्या पुढे असलेल्या पुष्कळ आजींच्या मनात त्या ओव्या आहेत, आणि त्या म्हणण्याचे कारण मात्र त्यांच्या दिवसात उरलेले नाही. ‘आजी, एखादी ओवी म्हण ना’ असे म्हटले तर त्या ‘आता कुठं आठवतंय’ म्हणून हात झटकतात, आणि ते खरेही असते. ओवी डोक्यापेक्षा हाताला अधिक आठवते. अशा वेळी प्रश्न विचारण्यापेक्षा कामात त्यांच्याबरोबर बसावे. शेंगा सोलताना, गोधडीचे टाके घालताना, तांदूळ निवडताना आपण अर्धी ठाऊक असलेली ओळ चुकीची म्हणावी. चूक सुधारण्याचा मोह कोणत्याही आजींना आवरत नाही. पहिल्या दिवशी भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करू नये. यंत्र पुढे आले की आजी गाणे सोडून कार्यक्रम करू लागतात.

‘आठवते का?’ हा प्रश्न तर स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला शक्यतो विचारूच नये. ती परीक्षा होते, आणि अनुत्तीर्ण होण्याची लाज त्यांना विस्मरणानंतरही पुरून उरते. अशा आजारात ओळखीचे गाणे इतर अनेक आठवणींच्या मानाने दीर्घकाळ टिकते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. ताजे प्रसंग आणि माणसांची नावे साठवणारी स्मृती लवकर ढासळते. वर्षानुवर्षे केलेल्या क्रियांची, चालींची स्मृती निराळ्या वाटांवर असते. म्हणून मुलाचे नाव न सांगता येणारे आजोबा हरिपाठ सुरू झाला की इतरांबरोबर पुढची चरणे म्हणतात. साधारणपणे दहा ते तीस वर्षे वयात ऐकलेली गाणी अधिक खोल रुजलेली असतात, तेव्हा निवड करताना आपली आवड बाजूला ठेवून त्यांचे तरुणपण कोणत्या काळात गेले याचा हिशेब करावा. ज्यांचे तारुण्य लोकनाट्याच्या फडासमोर गेले त्यांना केवळ भक्तिगीते ऐकवू नयेत. म्हातारपण म्हणजे भजन हा आपला एक आळस आहे.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या काही व्यक्ती बोलू शकत नाहीत, पण चालीवर शब्द म्हणू शकतात. याचा उपयोग वाचा-उपचारतज्ज्ञ पद्धतशीरपणे करून घेतात. घरच्यांनी त्यांच्याकडून पद्धत समजून घ्यावी आणि ‘गाता येते तर बोलत का नाही’ असा ठपका ठेवू नये. कंपवाताच्या रुग्णाची पावले अडखळतात, तेथे नियमित ताल ऐकत चालल्याने पाऊल टाकणे सुकर होते असे आढळले आहे. वारकऱ्यांची पावली टाळाबरोबर पडते, तिला हे कधीच ठाऊक होते. पण घरात हा प्रयोग करायचा तर भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि शेजारी कोणी उभे असतानाच करावा. पडून मांडीचे हाड मोडले तर तालाचा लाभ तेथेच संपतो.

आकडे आवडणाऱ्या वाचकांसाठी दोन सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कला आणि आरोग्य या विषयावर एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यात 3,000 हून अधिक अभ्यासांचा समावेश होता. त्याच वर्षी इंग्लंडमधील पन्नाशीपुढील 6,710 व्यक्तींच्या चौदा वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. दर काही महिन्यांनी नाटक, संगीताची मैफल, कलादालन, संग्रहालय अशा ठिकाणी जाणाऱ्यांत, अजिबात न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळात मृत्यू येण्याचा धोका 31 टक्क्यांनी कमी दिसला. उत्पन्न, प्रकृती, शिक्षण अशा अनेक बाबी संशोधकांनी हिशेबात धरल्या होत्या. तरी ही निरीक्षणात्मक पाहणी आहे. नाटकाला जाणारा माणूस मुळातच चालता-फिरता असतो, ही शंका पूर्णपणे फिटत नाही. गाण्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही, हे तर स्पष्टच सांगितले पाहिजे.

आणि खरे सांगायचे तर हे आकडे उद्या उलटे निघाले, तरी त्यावरून आजींची ओवी ऐकायची की नाही हे ठरू नये. कला ही औषध म्हणून दिली की तिची मात्रा ठरते, वेळ ठरते, गुण आला की नाही याची तपासणी होते, आणि गाणारा पुन्हा रुग्णच राहतो. ओवी म्हणणाऱ्या आजी त्या पाच मिनिटांपुरत्या रुग्ण नसतात. ज्ञानदेवांच्या दृष्टान्तातील सोने दागिना झाल्याने कमी होत नाही. आजाराच्या नावानेही माणूस कमी होत नाही, हे शुश्रूषा करणाऱ्याला बुद्धीने ठाऊक असते. ते कानांनी ऐकण्याची संधी अशा वेळी मिळते.

चांगदेवांच्या कथेचा उत्तरार्ध वृद्ध वाचकांसाठी आहे. उत्तर आले, भेट झाली, आणि मग चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले. मुक्ताबाईंना परंपरेप्रमाणे जेमतेम अठरा वर्षांचे आयुष्य लाभले. इतक्या लहान मुलीपुढे तो चौदाशे वर्षांचा योगी शिष्य होऊन बसला. आपल्याकडे वृद्धांनी शिकवावे आणि मुलांनी शिकावे असा क्रम रूढ आहे, आणि त्यात वृद्धांची एक हानी होते. त्यांची चूक कोणी दाखवत नाही. नातीने पेटी शिकायला सुरुवात केली असेल तर आजोबांनी तिच्याकडून ‘सारेगम’ शिकायला हरकत नाही, आणि त्यांचा सूर चुकला तर नातीने तसे सांगावे. ‘छान, छान’ म्हणून सोडून देणे हा पुन्हा ‘चिरंजीव’ मायनाच. ज्याची चूक काढली जाते त्याच्याकडून काहीतरी अपेक्षा आहे, असा त्याचा अर्थ असतो.

शरीराने एक वाट बंद केल्यावर दुसरी शोधणारे कलावंत आपल्या देशात झाले आहेत. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1957 मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून आणि चिकटवून चित्रे केली, मेणाची आणि मातीची शिल्पे केली आणि शांतिनिकेतनात एक मोठे भित्तिचित्रही साकारले. सत्यजित राय यांनी 1972 मध्ये त्यांच्यावर लघुपट केला. फ्रान्समध्ये आंरी मातीस यांना 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चित्रफलकापुढे उभे राहणे कठीण झाले. तेव्हा त्यांनी खुर्चीत किंवा अंथरुणावर बसून रंगवलेले कागद कात्रीने कापले, आणि सहायकांनी ते भिंतीवर लावले. दोघांच्याही कामात सांगण्यासारखी गोष्ट ही की, जवळच्या माणसांनी हात दिला, पण कात्री कोठे वळायची हे त्या वृद्धांनी ठरवले. घरातील आजींना वाकून रांगोळी काढता येत नसेल तर टेबलावर पाट ठेवून काढता येते. बोटे थरथरत असतील तर त्या ठिपके सांगतील आणि सून रेघ ओढेल. त्यात सुनेने स्वतःची नक्षी घुसवू नये, एवढेच.

शिवाय कोणाला काहीच करायचे नसेल तर तेही मान्य करावे. निवृत्तीनंतर छंद असलाच पाहिजे, हा नवा धाक आहे. खिडकीतून पिंपळाकडे पाहत बसलेला माणूस रिकामा बसला आहे असे समजण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी आवडणारे सर्व काही नकोसे झाले, भूक आणि झोप उतरली, बोलणे तुटले आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू राहिले, तर त्याला स्वभाव किंवा वय म्हणू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवावे. ऐकू येत नाही म्हणून गाणे नकोसे होणे ही तर फारच साधी गोष्ट, आणि ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आधी कान तपासावेत, श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी पाहावी.

शुश्रूषा करणाऱ्याविषयी एक शब्द. खुंट्याला हात दोघींचे असत हे विसरू नये. सेवा करणारी सून, मुलगा, पत्नी, पती यांच्याही मनात न सांगता येणारे पुष्कळ साठलेले असते. त्यात थकवा असतो, चीड असते, कधी हे सगळे एकदाचे संपावे असा विचारही असतो, आणि त्या विचाराची लाज असते. जुन्या ओव्यांत असा कडूपणा मुळीच लपवलेला नाही. सासूच्या देखत सासूची ओवी म्हणण्याची सोय त्या काळच्या सुनेला होती. आज ती सोय एखाद्या वहीत, भजनी मंडळातील तासाभरात, दूरच्या बहिणीशी फोनवर म्हटलेल्या गाण्यात करून घ्यावी लागेल. तो तास घरच्या इतरांनी ठरवून मोकळा करून द्यावा.

पुढील अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. ‘चांगदेव पासष्टी’च्या रोज पाच ओव्या वाचल्या तर तेरा दिवसांत ती पुरी होते. मोठ्या टायपाची, अर्थासह असलेली प्रत घ्यावी. सकाळी औषधे झाल्यानंतर, उजेड पाठीमागून पुस्तकावर येईल असे बसावे, दूरचित्रवाणी बंद करावी. ज्यांची दृष्टी चांगली त्यांनी वाचावे, वेग मात्र ऐकणाऱ्याने ठरवावा. एखाद्या ओवीवर दिवस अडला तर अडू द्यावा. उरलेले दोन दिवस घरातील आजींच्या ओव्यांसाठी ठेवावेत.